विजेची वही आणि उत्पादनाची वही एकाच घड्याळावर: मध्यम कारखान्यांसाठी ऊर्जाबचतीचा क्रमवार मार्ग

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, कोणत्याही मध्यम कारखान्यात गेलात, तर तिथे दोन वह्या हमखास सापडतात. पहिली मुख्य पॅनेलच्या खोलीत, टेबलाच्या खणात असते. इलेक्ट्रिशियन रोज सकाळी मीटर पाहून तीत आकडा लिहितो. दुसरी शॉपफ्लोअरवर सुपरवायझरच्या हाताशी असते आणि तीत पाळीला किती नग झाले, किती बाद गेले, कोणते मशीन किती वेळ बंद होते याची नोंद होते. या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून कोणी कधी वाचत नाही. महिनाअखेरीस बिल येते, मालक विचारतात, “या खेपेला वीज एवढी का?”, आणि उत्तर मिळते, “साहेब, काम जास्त होते.” ते उत्तर बरोबर असेलही, पण ते तपासून पाहण्याची सोय कोणाकडेच नसते.

मकरपुरा, पोर-रमणगामडी, वाघोडिया आणि सावली-मांजुसर या पट्ट्यांतील कारखान्यांत वीजमोजणीचे काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे. ऊर्जाबचतीत माहिती तंत्रज्ञानाचे मुख्य काम म्हणजे या दोन वह्या एकाच घड्याळावर आणणे. रंगीत पडदे, मोबाइलवरचे इशारे, भाकिते करणारी सॉफ्टवेअर हे सगळे त्यानंतरचे. ज्या ठिकाणी हे पहिले काम झाले नाही, तिथे महागड्या यंत्रणा वर्षभरात कोणी उघडूनही पाहत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याचे वाईट वाटले आहे, कारण त्या पैशात दाबाखाली हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरची सगळी पाइपलाइन दुरुस्त झाली असती.

पुढील मार्गदर्शन साधारण १०० ते १००० केव्हीए (विजेचा भार मोजण्याचे एकक) जोडभार असलेल्या, म्हणजे मशीनिंग, उष्णोपचार, ओतकाम, प्लास्टिक मोल्डिंग, ट्रान्सफॉर्मरचे भाग अशा स्वरूपाचे काम करणाऱ्या कारखान्यांसाठी आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली, बडोद्यात कलाभवन सुरू झाले, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की यंत्रविद्या लोकांना त्यांच्या भाषेत शिकवावी. त्याच शहरात राहून हा विषय मराठीत लिहिताना तो आग्रह मला आजही योग्य वाटतो.

पहिली पायरी: बारा बिले आणि पॅनेलचा नकाशा

संगणकाकडे वळण्यापूर्वी मागील बारा महिन्यांची बिले एका तक्त्यात उतरवावीत. आपल्या भागात मध्य गुजरात वीज कंपनीचे, म्हणजे एमजीव्हीसीएलचे, उच्चदाब बिल येत असेल तर केवळ एकूण युनिट पाहून थांबू नये. कमाल मागणी (महिन्यात एका वेळी ओढलेला सर्वाधिक भार), पॉवर फॅक्टर (ओढलेल्या भारापैकी किती प्रत्यक्ष कामाला आला याचे प्रमाण) आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांत वापरलेले युनिट हे तीनही आकडे लिहावेत. मागणीचा आकार हा प्रत्यक्ष नोंदलेली कमाल मागणी, कॉन्ट्रॅक्ट डिमांडचे, म्हणजे वीज कंपनीशी करारात ठरलेल्या मागणीचे, ८५ टक्के आणि १०० केव्हीए यांपैकी जो आकडा सर्वांत मोठा असेल त्यावर लागतो. त्यामुळे ५०० केव्हीएचा करार असलेल्या आणि प्रत्यक्षात कधीच ३६० च्या वर न गेलेल्या कारखान्याला दर महिन्याला ४२५ केव्हीएचे पैसे भरावे लागतात. अशा कारखान्याने मोठ्या कष्टाने मागणी ३४० वर आणली तरी या आकारात एक रुपयाही वाचत नाही. तिथे आधी करार कमी करण्याचा अर्ज करावा लागतो. हे केवळ बिले वाचून कळते आणि त्यासाठी कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागत नाही.

बिलांबरोबर पॅनेलचा एकरेषीय नकाशा, म्हणजे वीज कुठून कुठे जाते हे साध्या रेषांनी दाखवणारे चित्र, तयार करावा. तो बहुतेक ठिकाणी असतो, पण कारखाना उभा राहिला त्या वर्षाचा असतो. इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन प्रत्येक फीडर, म्हणजे पॅनेलमधून निघणारी विजेची लाइन, कुठे जातो हे पाहत चालावे आणि त्यावर कोणकोणत्या मोटारी, भट्ट्या, पंप आहेत ते लिहावे. एका फीडरवर भट्टीही आहे आणि ऑफिसचे एसीही आहेत, असे आढळले तर ते आताच कळणे फार उपयोगाचे ठरते, कारण असे मिश्र फीडर पुढे मोजणीचा अर्थच लागू देत नाहीत.

दुसरी पायरी: बंद कारखान्याचे वाचन

बडोद्याच्या कारखानदाराला वर्षातून दोन वेळा एक मोठी संधी आपोआप मिळते. उत्तरायण आणि वासी उत्तरायण, म्हणजे १४ आणि १५ जानेवारी, हे दोन दिवस सगळे शहर गच्चीवर असते. आणि दिवाळीत बंद झालेले बरेच कारखाने लाभपंचमीलाच मुहूर्ताने उघडतात. या दिवसांत उत्पादन शून्य असते. तरीही मीटर जेवढा फिरतो, ती सर्व वीज उत्पादनाशिवाय गेलेली वीज असते आणि तिचा हिशेब लावायला कोणतेही गणित लागत नाही.

एका वासी उत्तरायणाला मी अशाच एका बंद शेडमध्ये गेलो होतो. पत्र्यांवर कापलेले पतंग अडकले होते, बाहेर आरोळ्या चालल्या होत्या आणि आत एकही माणूस नव्हता. पण मुख्य मीटरवर २२ किलोवॅटचा भार दिसत होता. सोबत आलेल्या जुन्या इलेक्ट्रिशियनना मी विचारले, “काका, आत कोणी नाही, मग कॉम्प्रेसर कोणासाठी चालू आहे?” ते म्हणाले, “उद्या सकाळी आल्याबरोबर प्रेशर तयार मिळावे म्हणून चालू ठेवतो. बंद केला तर पहिली पाळी अर्धा तास ओरडते.” त्यांचे म्हणणे त्यांच्या बाजूने खरेच होते. मग आम्ही हवेच्या पाइपच्या कडेने चालू लागलो. एरवी यंत्रांच्या आवाजात जी ऐकू येत नाही ती फुसफुस त्या शांततेत सात ठिकाणी स्पष्ट ऐकू आली. चौथ्या लेथच्या मागच्या क्विक कपलरला साबणाचे पाणी लावले, तर क्षणात मुठीएवढा फेस उभा राहिला. कुलिंग टॉवरचा पंप चालू होता, पॅनेलच्या खोलीतला एसी चालू होता आणि एका रिकाम्या भट्टीचा पंखाही चालू होता. २२ किलोवॅट म्हणजे दिवसाला ५२८ युनिट; नुसते रविवार धरले तरी वर्षाला २७ हजारांवर युनिट होतात.

हे वाचन घेण्याची रीत सोपी आहे. शेवटची पाळी सुटल्यावर दोन तासांनी मुख्य मीटरचा आकडा लिहावा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा लिहावा, आणि मधल्या काळात एकेक फीडर क्रमाने बंद करून भार किती उतरतो ते टिपावे. मात्र त्याआधी अग्निशमन पंप, सर्व्हर आणि ज्यांना वीज लागतेच अशा भट्ट्या कोणत्या, याची यादी देखभाल विभागाकडून लिहून घ्यावी; तिच्यातल्या कशालाही हात लावू नये.

तिसरी पायरी: मीटर कोठे बसवावेत

पहिल्याच वर्षी प्रत्येक मशीनला मीटर लावण्याचा मोह टाळावा. आठ मीटर पुरतात: एक मुख्य येणाऱ्या लाइनवर, एक कॉम्प्रेसरांवर, एक पंप आणि कुलिंग टॉवरवर, प्रत्येक मोठ्या भट्टीवर एकेक आणि उरलेले मशीन शॉपच्या फीडरांवर. नियम एवढाच की ज्या आकड्याबद्दल उद्या एका ठरावीक माणसाला प्रश्न विचारता येईल, तिथेच मीटर असावा. ज्या फीडरचा कोणी धनी नाही, तिथला मीटर केवळ आकडे साठवतो.

मीटर घेताना तो मॉडबस (यंत्रांनी एकमेकांना आकडे सांगण्याची ठरलेली पद्धत) बोलणारा आणि आरएस-४८५ पोर्ट (ते आकडे तारेवरून पाठवण्याची जोडणी) असलेला घ्यावा. मॉडबस ही पद्धत १९७९ पासून वापरात आहे, तिचे नियम खुले आहेत आणि त्यामुळे पुढे कोणत्याही एका विक्रेत्यावर अवलंबून राहावे लागत नाही. चालू पॅनेलमध्ये सोयीचे पडावे म्हणून उघडझाप होणारे सीटी (तारेभोवती बसून तिच्यातला करंट मीटरला कळवणारे करंट ट्रान्सफॉर्मर) मिळतात, पण ते बसवण्याचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच, शक्यतो सप्लाय बंद ठेवून करून घ्यावे. साध्या सीटीची दुय्यम बाजू भार चालू असताना उघडी राहिली, तर तिच्यावर जीवघेणा व्होल्टेज येऊ शकतो. या एका गोष्टीत घाईला जागा नाही.

मीटर बसल्यावर लगेच त्याच्यावर विश्वास ठेवू नये. एका ठिकाणी ३७ किलोवॅटचा कॉम्प्रेसर पूर्ण भारावर चालत असताना मीटर १२ किलोवॅट दाखवत होता आणि तीन आठवडे त्या आकड्यावर तक्ते बनत राहिले. कारण असे निघाले की तीनपैकी एक सीटी उलट दिशेने बसला होता. भार तिन्ही फेजवर सारखा असेल, तर दोन फेजची वीज मिळवली जाते, तिसऱ्याची वजा होते आणि तीनऐवजी एकच भाग उरतो. म्हणून प्रत्येक मीटरवर तिन्ही फेजचे किलोवॅट वेगवेगळे पाहावेत, एकही उणे नसल्याची खात्री करावी, सीटीवर छापलेले गुणोत्तर आणि मीटरमध्ये भरलेले गुणोत्तर जुळते का ते पाहावे आणि क्लॅम्प मीटर लावून करंट ताडून घ्यावा. त्यानंतर एक आठवडा सर्व उपमीटरांची बेरीज मुख्य मीटरशी मिळवावी. जे फीडर मोजलेले नाहीत त्यांचा फरक सोडला, तर बेरीज जुळलीच पाहिजे. शंका राहिल्यास मीटर प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. १९७४ पासून विद्युत उपकरणांच्या चाचण्या आणि संशोधनाचे काम करणारी एर्डा ही संस्था आपल्या मकरपुऱ्यातच आहे.

चौथी पायरी: तार, गेटवे आणि साठवण

सर्व मीटर एकाच आरएस-४८५ तारेवर एकामागोमाग एक जोडावेत, मध्येच फाटे फोडू नयेत. जोडतारेची लांबी १२०० मीटरपर्यंत चालते आणि एका तारेवर साधारण ३२ उपकरणे बसतात, त्यामुळे बहुतेक शेडला एकच तार पुरते. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लावावा, तारेचे धातूचे आवरण एकाच टोकाला अर्थिंगला जोडावे आणि ही तार मोटारीच्या, विशेषतः व्हीएफडीच्या (मोटारीचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या), केबलपासून दूर न्यावी. प्रत्येक मीटरला वेगळा क्रमांक द्यावा आणि तो मीटरच्या अंगावर मार्करने लिहावा; दोन वर्षांनी मीटर बदलणारा माणूस दुसराच असतो.

गेटवे म्हणजे मीटरांकडून आकडे गोळा करून पुढे पाठवणारा छोटा संगणक. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर हे काम होते आणि शिकण्यासाठी तो उत्तम आहे. पण वारंवार वीज जाणाऱ्या पॅनेलच्या खोलीत त्याचे एसडी कार्ड खराब होते, म्हणून कायमच्या कामाला औद्योगिक गेटवे घ्यावा. तो निवडताना एक प्रश्न विक्रेत्याला नक्की विचारावा: इंटरनेट गेले तर तो आकडे स्वतःजवळ किती दिवस ठेवतो आणि इंटरनेट आल्यावर जुन्या वेळेसह ते पाठवतो का? उत्तर मोघम आले तर तो गेटवे घेऊ नये.

कोणते आकडे घ्यावेत याबाबत माझा सल्ला असा आहे की मीटरमधील वाढत जाणारे एकूण युनिट हा आकडा मुख्य मानावा आणि किलोवॅट, पॉवर फॅक्टर, व्होल्टेज हे त्याच्या सोबतीला घ्यावेत. मधले दोन तास संपर्क तुटला तरी आधीच्या आणि नंतरच्या एकूण युनिटांची वजाबाकी बरोबरच येते. फक्त किलोवॅट साठवले असतील तर ते दोन तास कायमचे हरवतात. साधारण फीडरसाठी मिनिटाला एक वाचन पुरते. कॉम्प्रेसरसाठी मात्र दहा सेकंदांना एक वाचन घ्यावे, कारण त्याचे भारावर येणे आणि भारावरून उतरणे काही सेकंदांत घडते आणि पंधरा मिनिटांच्या सरासरीत ते पूर्ण लपून जाते. हा सारा भार संगणकाला जड नाही: आठ मीटर, प्रत्येकी दहा आकडे, सात मीटर मिनिटाला एकदा आणि कॉम्प्रेसरचा दहा सेकंदांना एकदा, म्हणजे दिवसाला १,८७,२०० नोंदी होतात आणि एखादा साधा ऑफिसचा संगणक त्या वर्षानुवर्षे साठवू शकतो. आकडे गोळा करणारे नोड-रेड, साठवणारे इन्फ्लक्सडीबी आणि आलेख दाखवणारे ग्राफाना ही सॉफ्टवेअर विनामूल्य वापरता येतात.

आकडे जुळेनात तर दोन ठिकाणी आधी पाहावे. मीटरच्या पुस्तिकेत पत्ता ४०००१ असा लिहिलेला असतो आणि सॉफ्टवेअर मोजणी शून्यापासून करते, त्यामुळे एकाचा फरक पडतो. दुसरे म्हणजे ३२ बिटांच्या आकड्याचे दोन अर्धे भाग काही मीटर उलट क्रमाने पाठवतात. अशा वेळी पडद्यावर अर्थहीन, प्रचंड किंवा अगदी नगण्य आकडा दिसतो.

सुरक्षेबाबत थोडक्यात सांगायचे तर मीटरांचे जाळे ऑफिसच्या जाळ्यापासून वेगळे ठेवावे, गेटवेचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि गेटवेला फक्त वाचण्याची आज्ञा द्यावी. मॉडबसमध्ये ३ आणि ४ या क्रमांकांच्या आज्ञा वाचण्याच्या आहेत. लिहिण्याच्या आज्ञा मोजणीच्या यंत्रणेत चालू ठेवण्याचे काही कारण नाही.

पाचवी पायरी: उत्पादन त्याच घड्याळावर

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. विजेचा आकडा आता मिनिटामिनिटाला येतो आहे, पण उत्पादनाचा आकडा अजून वहीत आहे. मग कोणीतरी सोय म्हणून टॅलीतून किंवा ईआरपीतून (कारखान्याचा सगळा कारभार नोंदणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) आकडे उचलतो आणि तिथेच चूक होते. टॅलीत माल कधी विकला गेला ते असते. तो कधी बनला ते नसते. सोमवारी भट्टीतून निघालेला माल तपासणी, पॅकिंग आणि वाहतूक होऊन शुक्रवारी बिलात चढतो. सोमवारची वीज आणि शुक्रवारचा माल एकमेकांशी जोडले, तर कोणताही निष्कर्ष निघणार नाही आणि जो निघेल तो चुकीचा असेल.

म्हणून उत्पादनाची नोंद ज्या यंत्राची वीज मोजतो त्याच यंत्रापाशी, त्याच पाळीत घ्यावी. संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर नगाचा काउंटर असतो, तो घेता येतो. जुन्या प्रेसवर एक प्रॉक्सिमिटी सेन्सर लावून स्ट्रोक मोजता येतात. भट्टीसाठी चार्ज, म्हणजे एका वेळी आत घातलेला माल, कधी आत गेला, किती किलो होता आणि कधी बाहेर आला, एवढ्या तीन नोंदी पुरतात. हे स्वयंचलित करणे लगेच जमत नसेल तर पाळी सुटताना सुपरवायझरने मोबाइलवरील एका छोट्या अर्जात चार आकडे भरावेत. सुरुवातीला मी हीच पद्धत सुचवतो, कारण तिने माणसे आकड्यांशी जोडली जातात. अर्जाची भाषा शॉपफ्लोअरवरच्या माणसाची असावी. बडोद्यातील सुपरवायझर बहुधा गुजरातीत लिहितो आणि मशीनवरचा कामगार हिंदी वाचतो; ऑफिसच्या सोयीसाठी इंग्रजी अर्ज दिला तर तो दहा दिवसांत रिकामा येऊ लागतो.

कशाचे मोजमाप घ्यायचे हेही आधी ठरवावे. बाद झालेल्या नगालाही वीज लागलेलीच असते, म्हणून ऊर्जेच्या हिशेबात प्रक्रिया झालेले सर्व नग किंवा किलो धरावेत आणि चांगल्या नगांची नोंद शेजारी वेगळी ठेवावी. या दोन्हींच्या फरकातून बाद मालामुळे किती वीज वाया गेली हे आपोआप दिसते. वेगवेगळ्या वजनाचे नग असतील तर नगांऐवजी किलो धरावेत. आणि घड्याळ खरोखर एक असावे: गेटवे इंटरनेटवरून वेळ जुळवतो, भिंतीवरचे घड्याळ सात मिनिटे पुढे असते, आणि सुपरवायझर पाळी ज्या घड्याळाने सोडतो त्याच घड्याळाने लिहितो. शॉपफ्लोअरवर गेटवेच्या वेळेशी जुळलेले एक घड्याळ लावावे.

सहावी पायरी: पायाभूत रेषा

आता निदान पंचवीस-तीस दिवसांचे दोन रकाने हाताशी आले असतील: त्या दिवसाचे किलो आणि त्या दिवसाचे युनिट. आपल्याकडे सवय अशी आहे की दुसऱ्याला पहिल्याने भागून किलोमागे युनिट काढायचे आणि महिन्याशी महिना ताडायचा. ही सवय दिशाभूल करते. ती कशी, हे एका उदाहरणाने दाखवतो.

हिशेबासाठी असे धरू की एका विभागाला उत्पादन असो वा नसो दिवसाला ४०० युनिट लागतात आणि शिवाय प्रत्येक किलोला ०.८ युनिट लागते. ज्या दिवशी १००० किलो माल निघाला त्या दिवशी १२०० युनिट झाले, म्हणजे किलोमागे १.२. ज्या दिवशी २००० किलो निघाला त्या दिवशी २००० युनिट झाले, म्हणजे किलोमागे १. कोणीही काहीही न करता आकडा सुधारला. फक्त ऑर्डर जास्त होती. आता उलट पाहा. देखभाल विभागाने मेहनत करून हवेची गळती बंद केली आणि स्थिर भार ४०० वरून ३५० वर आणला. पण त्या महिन्यात मंदी होती आणि रोज ७०० किलोच माल निघाला. युनिट झाले ३५० अधिक ५६०, म्हणजे ९१०, आणि किलोमागे १.३. ज्या माणसांनी बचत केली, त्यांनाच बैठकीत जाब विचारला जाईल. असे घडताना मी पाहिले आहे, आणि त्यानंतर त्या विभागातून पुन्हा कोणी पुढाकार घेतला नाही.

यावर उपाय म्हणजे सरळ रेषा. आडव्या अक्षावर किलो, उभ्यावर युनिट घेऊन प्रत्येक दिवसाचा एक ठिपका मांडावा आणि त्यांतून रेषा काढावी. एक्सेलमध्ये स्लोप आणि इंटरसेप्ट या दोन सूत्रांनी ती निघते. आरएसक्यू या सूत्राने ठिपके रेषेला किती धरून आहेत ते कळते. इंटरसेप्ट म्हणजे स्थिर भार आणि स्लोप म्हणजे प्रत्येक किलोची खरी किंमत. हा स्थिर भार उत्तरायणाला घेतलेल्या वाचनाशी ताडून पाहावा. रेषा ४०० सांगते आणि बंद दिवशीचे वाचन १५० सांगते, तर मधले २५० युनिट कारखाना उघडा असताना, पण काम नसताना जातात: रिकाम्या फिरणाऱ्या मोटारी, चार्जची वाट पाहणारी तापलेली भट्टी, भाराविना घरघरणारा कॉम्प्रेसर. आरएसक्यू फार कमी आला, तर वीज उत्पादनाच्या मागोमाग चालत नाही असा त्याचा अर्थ. बहुधा नोंदीत चूक असते, किंवा वापरावर कोणाचे नियंत्रणच नसते, आणि दोन्ही गोष्टी शोधण्यासारख्याच आहेत.

यापुढे रोज तीन आकडे लिहावेत: रेषेप्रमाणे अपेक्षित युनिट, प्रत्यक्ष युनिट, आणि त्यांच्या फरकाची चालत आलेली बेरीज. वरच्या उदाहरणात ७०० किलोला अपेक्षा ९६० ची होती आणि प्रत्यक्षात ९१० लागले. रोजचे ५० वाचले, आणि कामाच्या २६ दिवसांत ही बेरीज उणे १३०० वर जाते. या बेरजेचा आलेख काढला की त्याचा उतार बोलू लागतो. आलेख ज्या तारखेला वळला, त्या तारखेला काहीतरी घडले आहे: व्हॉल्व्ह बदलला, नवा ऑपरेटर आला, भट्टीची वीट निखळली. तारीख हातात असली की कारण शोधणे एका चहाच्या वेळेचे काम असते.

सातवी पायरी: आकड्यांवरून कृती

सुरुवात कॉम्प्रेसरपासून करावी. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी फार थोडा भाग, साधारण १० ते १५ टक्के, प्रत्यक्ष कामाला येतो. उरलेली उष्णता होऊन जाते. म्हणून हवेची गळती ही विजेची सर्वांत महाग गळती असते. सर्व हत्यारे बंद असताना कॉम्प्रेसर दोन मिनिटे भारावर आणि सहा मिनिटे भाराविना चालत असेल, तर दोन भागिले आठ, म्हणजे क्षमतेच्या २५ टक्के हवा गळते आहे. ३०० सीएफएमच्या (मिनिटाला ३०० घनफूट हवा देणाऱ्या) यंत्राला ही ७५ सीएफएम होते आणि तिला सुमारे १३ किलोवॅट लागतात. दहा सेकंदांची मोजणी असेल तर ही चाचणी दर रविवारी संगणक आपोआप करू शकतो. यानंतर दाब पाहावा: ७ बारवर भागणाऱ्या कामासाठी ८ बार ठेवला असेल, तर एक बार उतरवल्याने ६ ते ७ टक्के वीज वाचते. स्क्रू कॉम्प्रेसर भाराविना फिरतानाही पूर्ण भाराच्या २५ ते ४० टक्के वीज घेतो, म्हणून दोन यंत्रे अर्धवट चालवण्यापेक्षा एक पूर्ण चालवून दुसरे बंद ठेवावे.

पंप आणि पंख्यांवर व्हीएफडी लावताना वेगाच्या घनाचा नियम सांगितला जातो: वेग ८० टक्के केला की वीज सुमारे ५१ टक्क्यांवर येते. नियम खरा आहे, पण पाणी उंचावर चढवायचे असेल तर बचत यापेक्षा बरीच कमी होते. त्यामुळे आधी व्हॉल्व्ह किती दाबून ठेवला आहे ते पाहावे आणि मगच खर्च करावा.

भट्टीच्या बाबतीत आलेखावर तापमान, किलोवॅट आणि चार्जच्या वेळा एकत्र मांडाव्यात. रात्रपाळीचा माणूस पहाटे चारला भट्टी पेटवतो आणि चार्ज आठला जातो, असे दिसले तर त्याला दोष देण्याआधी भट्टी तापायला खरोखर किती वेळ लागतो ते त्याच्यासोबत मोजावे. गुजरातच्या उच्चदाब दरपत्रकात सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ६ ते १० या तासांना जादा आकार लागत आला आहे. चालू दरपत्रकात तुमच्या वर्गाला काय लागू आहे ते पाहून चार्जच्या वेळा ठरवाव्यात. दोन भट्ट्या एकाच वेळी पेटल्याने महिन्याची कमाल मागणी चढत असेल, तर त्यांच्यात वीस-तीस मिनिटांचे अंतर ठेवावे.

आठवी पायरी: रोजची दहा मिनिटे आणि बचतीचा पडताळा

प्रत्येक मीटरला एक धनी नेमावा आणि त्याचे नाव पडद्यावर मीटरच्या नावाशेजारी दिसावे. सकाळी पाळी सुरू झाल्यावर दहा मिनिटे सुपरवायझर, इलेक्ट्रिशियन आणि देखभालीचा माणूस उभ्याउभ्याच कालचा आलेख पाहतील, अशी प्रथा पाडावी. इशारे थोडे ठेवावेत. एका ठिकाणी दिवसाला साठ इशारे जात होते आणि आठवड्याभरात सर्वांनी ते बंद करून टाकले होते. सुरुवातीला दोनच पुरेत: सुट्टीच्या दिवशी भार ठरलेल्या मर्यादेवर गेला तर, आणि कमाल मागणी करारापाशी पोचू लागली तर.

काही खर्च केल्यावर बचत किती झाली हे सांगताना आधीच्या महिन्याच्या बिलाशी तुलना करू नये. खर्चापूर्वीची रेषा घ्यावी, खर्चानंतरचे किलो तिच्यात घालावेत आणि अपेक्षित युनिटांतून प्रत्यक्ष युनिट वजा करावेत. विक्रेत्याने हमी दिली असेल, तर हीच पद्धत खरेदीच्या ऑर्डरवर लिहून घ्यावी. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक असतात. पहिली रेषा त्यांच्याकडून एकदा तपासून घेतली, तर बँकेपुढे किंवा मोठ्या ग्राहकापुढे ती मांडताना अडचण येत नाही. आयएसओ ५०००१ हे ऊर्जा व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र घ्यायचे असेल, तर त्यातील पायाभूत रेषेचे काम यामुळे बरेचसे झालेले असते.

नवे मशीन आले, भट्टी बदलली किंवा उत्पादनाचे मिश्रण पालटले, की जुनी रेषा निरुपयोगी होते; तिची तारीख लिहून ती बाजूला ठेवावी आणि पंचवीस-तीस दिवसांच्या नव्या नोंदींतून दुसरी काढावी. पॅनेलमधील सीटीचे स्क्रू वर्षातून एकदा घट्ट करावेत, उपमीटरांची बेरीज मुख्य मीटरशी पुन्हा मिळवावी, आणि १४ जानेवारीला बंद शेडचे वाचन घेण्यासाठी कोण येणार हे डिसेंबरमध्येच ठरवून ठेवावे, कारण त्या दिवशी गच्ची सोडून यायला कोणी सहज तयार होत नाही.